मानेचं दुखणं

बँकेत बावीस वर्षं मान मोडून काम केलं की मानेचं महत्त्व कुणी निराळं सांगावं लागत नाही. इलेक्ट्रिक गिटारचं तर सगळंच मानेवर असतं. रंग, पॉलिश, चकचकीत खुंट्या ही सगळी पाहुण्यांना दाखवायची मंडळी. वाजवणाऱ्याचा डावा हात जन्मभर संसार करतो तो तिच्या मानेशी. सतारीला आपण दांडी म्हणतो. गिटारवाले ‘नेक’ म्हणतात.

कॅटलॉगवाल्यांनी या मानांना इंग्रजी अक्षरं वाटून टाकली आहेत. मान आडवी कापली तर पाठ जशी दिसेल ते अक्षर. सी म्हणजे साधी गोलाई, डी म्हणजे पाठ सपाट नि खांदे भरलेले, यू म्हणजे पैलवान, आणि व्ही म्हणजे पाठीला चक्क कणा! पुढे त्यांचीही पिलावळ : मॉडर्न सी, डीप सी, सॉफ्ट व्ही. आमच्या मुदत ठेवींच्या योजनांना तरी एवढी नावं नाहीत.

बरं, एका घरातही एकमत नाही. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली आली ती चांगली जाड मान घेऊन. १९५६-५७ च्या सुमाराला तिला व्हीचा कणा फुटला आणि साठीच्या दशकात ती बारीक झाली. गिब्सनच्या लेस पॉलची १९५८ ची मान भरदार, १९६० ची सडपातळ. दोन वर्षांत एवढं उतरणं आमच्या हेडक्लार्कांना सकाळी फिरायला जाऊनही जमलं नाही. आयबानेझच्या मूळच्या ‘विझार्ड’ मानेची जाडी तर पहिल्या पडद्यापाशी अवघी १७ मिलिमीटर. लिओ फेंडर हे मूळचे हिशेबनीस, आणि स्वतः गिटार वाजवत नसत. वाणिज्य शाखेचा पदवीधर या नात्याने मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो.

माझी तक्रार आहे ती या मिलिमीटरच्या हिशेबाविषयी. दोन मानांची जाडी अगदी सारखी असेल. पण एकीचे खांदे भरलेले नि दुसरीचे उतरते असले, तर हाताला त्या दोन परक्या बायाच वाटतात. बेरीज जुळली म्हणून नोंदी बरोबर असतातच असं नाही.

दुसरी तक्रार ‘हात लहान, तर मान बारीक’ या सल्ल्याची. माझ्या चौदा वर्षांच्या पुतण्याला एका दुकानदाराने याच न्यायाने सगळ्यांत बारीक मान गळ्यात बांधली. अर्ध्या तासात अंगठ्याचं मूळ ठणकायला लागायचं. महिन्याभरात स्वारी म्हणाली, “काका, गिटार आपल्याला जमणार नाही. विकून टाकू.” मग मित्राकडे भरदार सी मिळाली आणि तासभर खाली ठेवायला तयार नाही! कारण साधं आहे. बारीक मानेवर तळव्याला टेकू मिळाला नाही, की अंगठा बिचारा चिमटा होऊन सगळा भार ओढतो.

म्हणून हाताच्या मापाआधी अंगठ्याचा स्वभाव पाहावा. अंगठा पाठीमागे ठेवून भराभर पळणाऱ्याला सपाट, बारीक मान मानवते. ब्लूजवाल्यांसारखा वरून डोकावणारा अंगठा असेल तर व्ही बेचक्यात छान बसतो. एरिक क्लॅप्टनच्या नावाच्या, १९८८ साली निघालेल्या स्ट्रॅटोकास्टरला व्हीच आहे. पुढची बाजूही पाहावी. जुन्या फेंडरच्या पट्टीची त्रिज्या ७.२५ इंच, म्हणजे बाक जास्त; गिब्सनची १२ इंच, म्हणजे बाक कमी. बाक जास्त असला की एका बोटाने सगळ्या तारा दाबणं सुखाचं जातं; पण वरच्या पडद्यांवर तार ताणली, की ती पुढच्या पडद्याला टेकून आवाजच गिळते.

चप्पल घेताना आपण दुकानात चार पावलं चालून बघतो. गिटारलाही अर्धा तास द्यावा, आणि तोही कॅटलॉग मिटून. कुणाचंही पोर ‘जमत नाही’ म्हणालं, तर त्याच्या बोटांना नावं ठेवण्याआधी एकदा गिटारची मान धरावी. पोराची नव्हे!