उत्तरेकडील अरण्यग्रंथ आणि त्यांची साक्ष

उत्तर अमेरिकेच्या ध्रुवाकडील ओसाड मुलखाविषयीं, तेथील अरण्यवासाविषयीं व तेथील मूळच्या लोकांविषयीं इंग्रजींत झालेलें वाङ्मय फार मोठें आहे. त्यांतील बराचसा भाग करमणुकीचा आहे. उन्हाळ्याच्या सुटींत होडी घेऊन जावें, चार महिन्यांनीं परत यावें आणि पुस्तक लिहावें, असा तिकडे एक प्रघातच पडून गेला आहे. त्या सर्वांचा परामर्श येथें घ्यावयाचा नाहीं. ज्यांना जुन्या कागदांचें व पाठभेदांचें वेड आहे अशा वाचकांच्या उपयोगी पडतील अशीं दोनतीन प्रकरणें तेवढीं पुढें मांडतों. प्रश्न एकच आहे: ज्या लोकांनीं स्वतः कांहीं लिहून ठेविलें नाहीं, त्यांच्याविषयीं छापील ग्रंथांत जें येतें तें कितपत प्रमाण मानावें, आणि त्यांच्या तोंडच्या बोलाला पुराव्यांत कोणतें स्थान द्यावें?

या वाङ्मयांतील आद्य ग्रंथांत सॅम्युअल हर्न याच्या प्रवासवृत्ताची गणना होते. हा हडसन बे कंपनीचा नोकर. प्रिन्स ऑफ वेल्सच्या किल्ल्यांतून तांब्याच्या खाणी व उत्तर समुद्र यांचा शोध घेण्यासाठीं तो तीनदां निघाला. पहिली खेप १७६९ च्या नोव्हेंबरांत निघाली ती फुकट गेली. दुसऱ्या खेपेस अक्षांश मोजण्याचें यंत्र वाऱ्यानें पडून मोडलें व परतावें लागलें. तिसऱ्या खेपेस, डिसेंबर १७७० मध्यें, चिपेवायन डेने लोकांचा पुढारी मातोनाबी हा वाटाड्या मिळाला आणि काम झालें. आधींच्या खेपा फसल्या त्या बरोबर बायका नव्हत्या म्हणून, असें मातोनाबीचें स्पष्ट मत होतें. ओझीं वाहणें, तंबू ठोकणें, कातडीं कमावणें, वस्त्रें व बर्फावरून चालावयाचीं पायताणें तयार ठेवणें, हें सारें त्या मुलखांत बायका करीत. हर्ननें हें मत दडविलें नाहीं. आपल्या अपयशाची मीमांसा परक्याच्या तोंडून जशीच्या तशी नोंदविली, हा त्याचा मोठा गुण.

तो १७७२ च्या जूनअखेर किल्ल्यावर परतला. ग्रंथ मात्र छापून निघाला १७९५ सालीं, त्याच्या मरणानंतर तीन वर्षांनीं. मधल्या तेवीस वर्षांत बरेंच घडलें. १७८२ मध्यें फ्रेंच आरमाराचा अधिकारी ला पेरूझ यानें किल्ला घेतला. हर्नचें हस्तलिखित त्याच्या हातीं पडलें व तें छापून काढण्याच्या बोलीवर त्यानें तें परत केलें, असें सांगतात. शत्रूच्या रसिकतेमुळें पोथी वांचल्याचें असें उदाहरण विरळा. त्याच आपत्तीची वार्ता ऐकून मातोनाबीनें गळफास घेतला.

ग्रंथाची कीर्ति त्याच्या सहाव्या प्रकरणावर आहे. १७ जुलै १७७१ रोजीं कॉपरमाइन नदीच्या एका धबधब्यापाशीं हर्नच्या बरोबरच्या डेने मंडळीनें निजलेल्या इन्युइट लोकांच्या तंबूंवर छापा घालून त्यांची कत्तल केली. तेथें एक अठरा वर्षांची मुलगी हर्नच्या पायांशीं पडून भाल्यांनीं विद्ध होते, हें वर्णन इतकें हृदयद्रावक आहे कीं दोनशें वर्षें तें जेथें तेथें उद्धृत होत आलें. परंतु हर्नच्या मूळ टिपणांवरून केलेली एक जुनी नक्कल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत स्टो संग्रहांत आहे. मॅक्लॅरेन या कॅनेडियन विद्वानानें १९९१ मध्यें तिचा छापील ग्रंथाशीं मेळ घालून पाहिला, तेव्हां जुन्या मजकुरांतील वर्णन कितीतरी आटोपशीर असल्याचें व मुलीचा तो प्रसंग या रूपानें त्यांत नसल्याचें दिसून आलें. कप्तान कुकच्या तिसऱ्या सफरीचा वृत्तांत ज्यांनीं संपादिला त्या डॉ. जॉन डग्लस यांचा या मजकुरावरही हात फिरला असावा, असा कांहीं अभ्यासकांचा तर्क आहे.

आपल्याकडील वाचकांना हा प्रकार अपरिचित वाटूं नये. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्य यांनीं १९०७ मध्यें फेरफार करून छापला आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ द. वा. पोतदार यांच्या हातून बाहेर पडला तो १९६६ मध्यें. मधल्या साठ वर्षांत वैद्यांचा पाठ हाच गोडशांचा शब्द म्हणून चालला. फरक इतकाच कीं, वैद्यांच्या फेरफारानें एखाद्या अख्ख्या जातीवर डाग बसला नाहीं. हर्नच्या ग्रंथावरून मात्र ‘हे रानटी लोक असेच’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ निघाले.

मॅक्लॅरेनच्या शोधावरून कत्तल झालीच नाहीं असें म्हणणारेही आतां आढळतात. हेंही घाईचें होय. फ्रँक्लिनची तुकडी १८२१ मध्यें त्या धबधब्याशीं पोहोंचली तेव्हां तेथें माणसांच्या कवट्या व हाडें पडलेलीं तिनें पाहिलीं. शिवाय १९९६ मध्यें डेने व इन्युइट या दोन्ही लोकांचे प्रतिनिधि त्याच जागीं जमले आणि त्यांनीं जुनें वैर मिटविण्याचा विधि केला. ज्यांच्या पूर्वजांनीं मारिलें व ज्यांचे पूर्वज मेले ते दोघेही जी गोष्ट घडली असें धरून चालतात, ती केवळ संपादकाची कल्पना म्हणून उडवून देतां येत नाहीं. संशय आहे तो घटनेविषयीं नव्हे, तिच्या रंगरूपाविषयीं. पाठचिकित्सा करणाऱ्यानें कातर कोठें थांबवावी हें ओळखलें पाहिजे.

अक्षांशांची गोष्ट निराळी. नदीच्या मुखाचा अक्षांश हर्ननें ७१ अंश ५४ कला दिला आहे. फ्रँक्लिननें मोजला तो ६७ अंश ४८ कला भरला. म्हणजे पावणेतीनशें मैलांहून अधिक चूक! हाताशीं होतें तें किल्ल्यांत तीस वर्षें पडून राहिलेलें जुनाट यंत्र, हें खरें. तथापि येवढ्या चुकीचें खापर यंत्रावर फोडतां येत नाहीं. आणि गंमत अशी कीं जो मनुष्य आकड्यांत इतका चुकतो, तोच हिंवाळी पोशाखाला आठ ते दहा हरणांचीं कातडीं लागतात, एका माणसाला उचलून नेतां येईल अशी सालीची नाव कशी बांधतात, बीव्हर नांवाच्या बांधारे घालणाऱ्या जलचराच्या घराविषयींच्या दंतकथा किती पोकळ आहेत, हें सांगूं लागला म्हणजे त्याच्या शब्दाशब्दावर विश्वास बसतो. त्यानें स्वतः बीव्हर पाळले होते. एकाच ग्रंथांत प्रमाण व अप्रमाण असें शेजारीं शेजारीं नांदतें.

आतां दुसरें प्रकरण. हेंच फ्रँक्लिन १८४५ मध्यें एरेबस व टेरर हीं दोन जहाजें व एकूण १२९ माणसें घेऊन वायव्य मार्ग शोधावयास गेले व नाहींसे झाले. जॉन रे यानें १८५४ मध्यें इन्युइट लोकांच्या तोंडून ऐकून व त्यांच्याजवळचे चांदीचे कांटेचमचे विकत घेऊन असें कळविलें कीं तीं माणसें उपासमारीनें मेलीं आणि अखेरीस त्यांनीं मृतांचें मांस खाल्लें. हें ऐकून इंग्लंडांत गहजब झाला. खुद्द चार्लस डिकिन्स यांनीं आपल्या नियतकालिकांत लेख लिहून त्या ‘रानटी’ लोकांच्या शब्दावर विश्वास ठेवूं नये असें प्रतिपादिलें. इतकेंच नव्हे, तर त्यांनींच इंग्रजांना मारिलें असावें असेंही सुचविलें. रे याचें उत्तर त्यांनीं छापलें, येवढें त्यांच्या बाजूनें सांगितलें पाहिजे.

पुढें १८५९ मध्यें मॅक्लिंटॉकच्या मोहिमेंतील हॉब्सन यास किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशींत एक कागद सांपडला. प्रत्येक संग्राहकानें या कागदाचा इतिहास वाचावा. आरमाराच्या छापील नमुन्यावर २८ मे १८४७ ची ‘सर्व क्षेम’ अशी नोंद. आणि भोंवतालच्या समासांतून २५ एप्रिल १८४८ ची दुसरी नोंद: फ्रँक्लिन ११ जून १८४७ रोजीं मेले, जहाजें सोडलीं, एकूण चोवीस माणसें मेलीं, १०५ उरलीं तीं नदीकडे निघालीं आहेत. मोहिमेच्या गतीविषयीं जो एकमेव लेख आहे तो हाच. आणि त्याच लेखांत चूक आहे! बीची बेटावरील मुक्काम १८४५-४६ च्या हिंवाळ्यांतला असतां कागदांत १८४६-४७ असें पडलें आहे. थोड्या अंतरावर पहिल्या नोंदीची दुसरी प्रत मिळाली. तिच्यांतही तीच चूक. एकाच हातच्या दोन प्रती म्हणजे दोन साक्षी नव्हत, हें आपण पोथ्यांच्या वंशावळी मांडणाऱ्यांनीं तरी विसरूं नये.

तो हात जेम्स फिट्झजेम्स या अधिकाऱ्याचा. दीडशें वर्षें हा कागद ‘पुरावा’ आणि इन्युइट लोकांचें सांगणें ‘ऐकीव’ अशी वांटणी चालली. १९९७ मध्यें त्या बेटावर मिळालेल्या हाडांच्या परीक्षणांत सुरीच्या खुणा निश्चित झाल्या. २०२४ मध्यें त्यांपैकीं खुणा असलेला एक खालचा जबडा वंशद्रव्याच्या तपासणीनें ओळखला गेला. तो फिट्झजेम्सचा निघाला. ज्यानें कागद लिहिला त्याच्याच अस्थींनीं, ज्यांच्यापाशीं कागद नव्हता त्यांचा शब्द खरा केला.

जहाजांचीही तीच कथा. एक जहाज बरेंच दक्षिणेस, ॲडिलेड द्वीपकल्पाच्या पश्चिमेस बुडालें, असें इन्युइट लोक पूर्वापार सांगत. चार्लस हॉल यानें १८६० नंतरच्या दशकांत तें सांगणें टिपून घेतलें. डेव्हिड वुडमन यानें हॉलचीं मूळ टिपणें धुंडाळून १९९१ मध्यें त्या साक्षींचा ग्रंथ केला. २०१४ मध्यें एरेबस त्याच टापूंत सांपडलें, आणि २०१६ मध्यें टेरर सांपडलें तें योआ हेवन गांवच्या एका इन्युइट शिकाऱ्यानें पूर्वीं बर्फांतून वर आलेली डोलकाठी पाहिली होती तिच्या सांगण्यावरून.

प्रस्तुत लेखक आयुष्यभर मुलांना ‘लेख तो पुरावा, बाकी गप्पा’ असें शिकवीत आला. वुडमनचा ग्रंथ वाचल्यावर तें वाक्य मला मागें घ्यावें लागतें. वास्तविक संस्कृत शिकलेल्यानें तें मुळांत उच्चारावयास नको होतें. नैयायिकांनीं आप्ताच्या वचनाला प्रमाण मानिलें, त्यावर लेखाची अट घातली नाहीं. आणि वात्स्यायनानें तर आप्ताचें लक्षण ऋषि, आर्य व म्लेच्छ या तिघांना सारखेंच लागू पडतें असें स्पष्ट म्हटलें आहे. पाहिलें तसें सांगण्याची इच्छा ज्याला आहे तो आप्त. डिकिन्ससारख्या सहृदय ग्रंथकाराला जें दिसलें नाहीं, तें आमच्या भाष्यकाराला कित्येक शतकें आधीं दिसलें होतें. तरीही आपण आपल्या गांवोगांवच्या धनगर, कोळी व ठाकर मंडळींना त्यांच्या डोंगरांविषयीं किती वेळां विचारलें?

उलट बाजूही आहे. ‘ग्रे आउल’ या नांवानें १९३१ पासून अरण्य व बीव्हर यांवर अत्यंत लोकप्रिय पुस्तकें लिहिणारा गृहस्थ स्वतःस अर्धा इंडियन म्हणवी. १९३८ मध्यें तो मेल्यावर, तो इंग्लंडांतील हेस्टिंग्स गांवचा आर्चिबल्ड बेलनी असल्याचें उघड झालें. बीव्हरांविषयीं त्यानें लिहिलें तें पुष्कळसें स्वानुभवाचें आहे; कुळाविषयीं मात्र सर्व बनाव. तेव्हां मुखींचा बोल खरा खरा, पण मुख कोणाचें तें आधीं पाहावें.

क्नुड रासमुसेन याचें उदाहरण याहून समाधानकारक. तो ग्रीनलंडांत जन्मला, ती भाषा लहानपणापासून बोलला, व १९२१ ते १९२४ च्या मोहिमेंत इन्युइट लोकांचीं गाणीं व कथा त्यांच्याच शब्दांत उतरून घेऊन अनुवादासह छापविल्या. मूळ वाक्य शेजारीं असल्यामुळें अनुवादकाची चूक पकडतां येते. अभ्यासकाला याहून अधिक काय हवें?

सुटींतल्या प्रवाशांची मीं प्रारंभीं थोडी थट्टा केली. तिला एक अपवाद सांगतों. प्रेंटिस डाउन्स हा अमेरिकेंतील एक शाळामास्तर. १९३९ च्या उन्हाळ्यांत तो नावेनें न्युएल्टिन सरोवराकडे गेला. त्या भागाचा पुष्कळसा नकाशा तेव्हां कोराच होता. त्याचें ‘स्लीपिंग आयलंड’ हें पुस्तक १९४३ मध्यें निघालें. स्थळनामें तो तेथील लोकांना विचारून लिहितो, नांवाचा अर्थ त्यांच्याकडूनच घेतो, आणि पुस्तकाचें नांवही सरोवराच्या मूळ नांवाचें भाषांतर आहे. नवीन नांवें देण्याचा मोह त्यानें आवरला, हें नकाशांचा अभ्यास करणाऱ्यांना विशेष वाटेल.

ज्यांना या वाङ्मयांत प्रवेश करावयाचा आहे त्यांनीं हर्नचा ग्रंथ ग्लोव्हर यांनीं १९५८ मध्यें संपादिलेल्या आवृत्तींत पाहावा. डेने लोकांविषयींचें नववें व प्राण्यांविषयींचें दहावें प्रकरण आधीं वाचावें; सहावें मागाहून, आणि तेंही मॅक्लॅरेनचा लेख जवळ ठेवून.