दोन माणसांचं नाटक, महागावात

नागपूर–तुळजापूर रस्त्यावरच्या महागावात नाटक बसवायचं म्हटलं की संहितेच्या आधी माणसं मोजावी लागतात. पुरुष किती, बाया किती, तालमीला रोज कोण येईल, आणि प्रयोगाच्या सुमारास सोयाबीन सोंगणीला आलेलं नसेल ना. तालुक्याच्या गावातली हौशी मंडळी म्हणजे शिक्षक, दुकानदार, कॉलेजची पोरं. एकाची बदली झाली की एक पात्र गेलं. त्यामुळे दोन-तीन माणसांत भागणाऱ्या नाटकाची मागणी इथे कायम आहे. पण ती मागणी गरजेपोटी आली आहे, आवडीपोटी नाही, आणि आपल्याकडच्या छोट्या नाटकाचं खरं दुखणं मला त्यातच दिसतं.

गरजेतून पहिल्यांदा हाताशी येतं ते एकपात्री. आमच्या यवतमाळ जिल्ह्याची ही बाजू भक्कम आहे. बोरी अरबच्या शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ गावोगाव नेला. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांची ‘मिर्झा एक्स्प्रेस’ तर वऱ्हाडात घरोघरी ठाऊक आहे. शहरात ज्या वऱ्हाडी बोलीची टिंगल व्हायची, ती या दोघांनी स्टेजवर ताठ मानेने उभी केली, हे ऋण फार मोठं आहे. त्यांच्या मागे कीर्तनाची परंपरा आहे. गाडगेबाबा समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत आणि उत्तर तिच्याच तोंडून काढून घेत. एकट्या माणसाने हजारोंशी बोलायची रीत आपल्या मातीला नवी नाही.

त्यांच्या वाटेने निघालेल्यांचं मात्र तसं म्हणता येत नाही. बडे यांच्या विनोदाखाली शेतकऱ्याचं दुःख वाहत असे. नक्कल करणाऱ्यांनी विनोद तेवढा उचलला. अनेक एकपात्री प्रयोग आता किश्शांची माळ झाले आहेत, हशा आला की पुढचा किस्सा. यात माईकचाही हात आहे. उभ्या माईकसमोर नट दीड फुटाच्या वर्तुळात अडकतो. हातात माईक घेतला तर एक हात गेला, आणि खांदा, पाठ, चाल यांतून माणूस उभा करायचं काम गळ्यावर पडतं. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये 52 पात्रं उभी केली ती सगळं शरीर वापरून, हे विसरून चालणार नाही.

एकपात्रीची याहून मोठी अडचण त्याच्या घडणीतच आहे. तिथे दुसरा माणूस असतो, पण तो नटाच्याच तोंडून बोलतो. त्याला नाही म्हणता येत नाही, पाठ फिरवून निघून जाता येत नाही. नाटक सुरू होतं ते नेमकं त्या नकारापासून. म्हणून दोन किंवा तीन पात्रांचं नाटक ही एकपात्रीची वाढवलेली आवृत्ती नव्हे. ती वेगळीच चीज आहे, आणि आपल्याकडे तिचीच वानवा आहे.

वाईट याचं वाटतं की ही चीज ज्यांनी मराठीत सर्वांत ताकदीने हाताळली, ते महेश एलकुंचवार याच जिल्ह्यातल्या पारव्याचे. ‘आत्मकथा’त चार पात्रं, ‘सोनाटा’त तीन बाया, ‘वासनाकांड’मध्ये तर दोनच माणसं. (त्या विषयामुळे ते गावात करणं अवघड, हे कबूल.) पण मला सगळ्यांत बोलकी वाटते ती त्यांची त्रिनाट्यधारा. 1985 साली रंगमंचावर आलेल्या ‘वाडा चिरेबंदी’त धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा माणसांनी भरलेला आहे. तात्याजी गेले आहेत, दिवसांचा खर्च कोण करणार यावरून भाऊ भाऊ एकमेकांना जोखताहेत. ‘मग्न तळ्याकाठी’ ओलांडून ‘युगान्त’पर्यंत येईतो त्या भरल्या वाड्यातली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरतात. बाहेर दुष्काळ, आणि पुढच्या पिढीतले पराग नि अभय बोलत बसलेले. 1994 मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटकं सलग केली. तशी ती पाहताना पात्रांची ही गळती म्हणजेच गाव रिकामं होणं, हे अंगावर येतं. तिथे पात्रं कमी आहेत ती नट मिळेनात म्हणून नव्हेत.

‘तेरवं’ हे नाटक पात्रसंख्येने लहान नाही, तरी त्याचा विषय इथे काढावाच लागतो. श्याम पेठकर यांचं लेखन, हरीश इथापे यांचं दिग्दर्शन, आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पत्नी स्वतः स्टेजवर. त्यांतल्याच राजूरच्या वैशाली येडे यांनी जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या 92व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. ‘गावात बाई काम करायला मिळत नाही’ ही जुनी सबब या नाटकाने मोडीत काढली. जिच्याजवळ सांगण्यासारखं आहे ती पुढे येते, तिच्यासाठी भूमिका लिहिलेली असली पाहिजे. हौशी संहितांत बाईच्या वाट्याला अजून रडणं नाहीतर चहा आणून देणं येतं.

जागेचं रडगाणं मला पटत नाही. मुंबईत 1970च्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या साध्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमीची एक पिढी घडली. महागावात शाळा आहेत, मंगल कार्यालयं आहेत. शंभर खुर्च्या तीन बाजूंनी लावल्या, पंखे बंद केले आणि माईक काढून टाकला, तर नटाचा श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातो. गणपतीच्या किंवा नवरात्राच्या मांडवात हे जमणार नाही. बाजूला झुणका-भाकरीचा स्टॉल आणि पलीकडे भोंगा असताना दोन माणसांतली शांतता टिकत नाही. उत्सवासाठी एकपात्री ठेवावं, नाटकासाठी वेगळी रात्र काढावी.

राज्य नाट्य स्पर्धेने हौशी रंगभूमी जगवली, यात शंका नाही. पण तिथे नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना वेगवेगळी बक्षिसं असतात. त्या मोहापायी तीन पात्रांच्या नाटकालाही चौथरे, जिने, खिडक्या चढतात. असलं नाटक मग टेम्पोशिवाय हलत नाही, आणि स्पर्धेच्या केंद्रावरून परत आलं की संपतं. ज्या प्रकाराचं बळ एसटीत मावण्यात आहे, त्याचंच पुढच्या गावी जाणं बंद होतं.

संहिता कुठून आणायच्या, असं मंडळी विचारतात. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधली दोन माणसं उचलून आणण्यापेक्षा आपल्या बाजारात उभं राहावं. महागाव-पुसदच्या पट्ट्यात तांड्यावरची बंजाऱ्यांची गोरमाटी बोली आणि गावातली वऱ्हाडी दर आठवडी बाजारी समोरासमोर येतात. भाव ठरतो, उधारी राहते, जुनं काहीतरी मध्येच निघतं. कापूस विकायला आलेली तांड्यावरची बाई आणि तिच्या नवऱ्याला कर्ज दिलेला दुकानदार, एवढी दोन पात्रं, एक काटा आणि पाऊण तास. यातलं प्रत्येक वाक्य लिहिणारा माणूस इथेच राहतो.