खिडकी आणि किल्ली : ड्रायव्हरच्या एका यादीची चिकित्सा

मागच्या वेळी एका विद्यार्थ्यानं विचारलं होतं, "सर, तत्त्वज्ञानाच्या माणसानं कर्नलमध्ये कशाला डोकवायचं?" त्याचं उत्तर आज देतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या वस्तूला काय म्हणायचं आणि कुणी कशाला हात लावायचा, हे तिथं ठरतं. वर्गीकरण आणि अधिकार, हे तर आमचंच दुकान की!

सुरुवात घरापासून करू. १ जुलै १९९८ ला अकोला जिल्ह्यातून वाशिम जिल्हा वेगळा झाला. आदल्या रात्री आपण अकोला जिल्ह्यात झोपलो आणि सकाळी वाशिम जिल्ह्यात उठलो. घर हललं नाही, विहीर हलली नाही. बदलला तो पत्ता. संगणकात हे सतत चालतं. प्रोग्रॅमला दिसतो तो आभासी पत्ता असतो, मेमरीतली खरी जागा वेगळीच. दोहोंचा मेळ घालणारी नोंदवही म्हणजे पेज टेबल, आणि ती कर्नलच्या ताब्यात असते.

आता उपकरणांकडे येऊ. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्समध्ये उपकरणालाही फाइलचं रूप दिलं. टर्मिनल असो की डिस्क, उघडा, वाचा, लिहा, बंद करा. मोठी सुंदर कल्पना आहे ही, आणि ती पन्नास वर्षं टिकली. आजच्या लिनक्समध्येही अशा उपकरणाचा ड्रायव्हर कर्नलला कामांची एक यादी देतो. तिचं नाव 'फाइल ऑपरेशन्स'. त्यात ओपन, रीड, राइट असतात, आयओसीटीएल असतं आणि एमएमॅपही असतं. आयओसीटीएल म्हणजे 'इतर कामे' लिहिलेलं कपाट. त्यावर टीका पुष्कळांनी केली आहे. माझा आक्षेप एमएमॅपवर आहे. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. ते चुकीच्या पंगतीत बसवलंय, असं म्हणतो.

बघा, रीड म्हणजे गोदामाच्या खिडकीशी जाऊन पोतं मागणं. दर वेळी मागायचं, दर वेळी आतला माणूस बघणार. एमएमॅप म्हणजे गोदामाची किल्लीच हाती देणं. पेज टेबलात नोंद झाली की उपकरणाची मेमरी थेट प्रोग्रॅमच्या पत्त्यांत दिसू लागते. पुढच्या प्रत्येक वाचना-लेखनाला ड्रायव्हरला विचारावं लागत नाही. वैशेषिकांच्या भाषेत सांगायचं तर रीड हे कर्म आहे आणि एमएमॅप हा संयोग. कर्म क्षणात संपतं. संयोग विभाग होईपर्यंत राहतो. याचा पुरावाही आहे. फाइल बंद केली तरी एमएमॅपनं जोडलेला भाग तसाच राहतो! तो वेगळा तोडावा लागतो, नाहीतर प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकतो. नामसाम्य म्हणजे पदार्थसाम्य नव्हे, ते हे असं.

कुणी म्हणेल, मग किल्ली देताच कशाला? तर गरज खरी आहे. १९२० बाय १०८० चं एक चित्र, प्रत्येक बिंदूला चार बाइट धरले तर सुमारे ८३ लाख बाइट होतात. सेकंदाला तीस चित्रं म्हणजे जवळपास २५ कोटी बाइट. एवढी पोती खिडकीतून उचलून देत बसलं तर हमालीतच दिवस जाईल. म्हणून तक्रार किल्लीची नाही. ती पावतीपुस्तकासारखी सहज दिली जाते, ही तक्रार आहे.

त्याची किंमत काय? डिसेंबर २०१२ मध्ये सॅमसंगच्या एक्झिनॉस चिप असलेल्या काही फोनांबाबत गोष्ट उघड झाली. गॅलॅक्सी एस-थ्री त्यांतलाच. तिथं 'एक्झिनॉस-मेम' नावाची उपकरण-फाइल कोणत्याही ॲपला वाचता-लिहिता येत होती. तिच्यावर एमएमॅप केलं की फोनची प्रत्यक्ष मेमरी, अगदी कर्नलची जागासुद्धा, हाती लागत होती. म्हणजे एखाद्या खेळाच्या ॲपला अख्खा फोन ताब्यात घेता आला असता. फाइलची परवानगी बघणाऱ्याला वाटणार, 'वाचा-लिहा' एवढीच मुभा आहे. त्या दोन शब्दांमागे गोदाम होतं!

दुसरी अडचण मापाची. पेज टेबलात पेजपेक्षा लहान तुकडा देता येत नाही, आणि पेज बहुधा ४०९६ बाइटचं. उपकरणाच्या नियंत्रणाच्या जागा, म्हणजे रजिस्टर, शंभर बाइटांत मावत असली तरी अख्खं पेज द्यावं लागतं. त्याच पेजात शेजारच्या उपकरणाची रजिस्टर असली तर तीही गेली. बांधावरून भांडणारा आमचा शेतकरी हे ऐकून हसेल. एक गुंठा विकायचा म्हणून अख्खा गट लिहून कोण देतं हो?

२०२५ मध्ये लिनक्सनं या बाबतीत एक शहाणपणाचं पाऊल उचललं. 'एमएमॅप-प्रिपेअर' नावाची नवी वाट आली. पूर्वी कर्नल आपली अर्धवट भरलेली नोंदच ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. नव्या वाटेत ड्रायव्हरनं आधी आपलं म्हणणं एका अर्जात मांडायचं आणि नोंद कर्नलनं करायची. मला हे पटतं. अर्ज करणारा आणि फेरफार घेणारा एकच असू नये, हे तलाठ्याच्या दप्तराशी संबंध आलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण जुनी वाट अजून पुरती बुजलेली नाही, आणि मूळ यादी तीच आहे. कर्मांच्या पंगतीत संयोग अजून बसलेलाच आहे.

माझं म्हणणं एवढंच की जो संबंध टिकणार आहे त्याच्या नावातच ते दिसलं पाहिजे, आणि किती जागा, कुणाला, कधीपर्यंत, हे देतानाच लिहिलं गेलं पाहिजे. तुमच्यापैकी जे उद्या ड्रायव्हर लिहितील त्यांनी एमएमॅपच्या ओळीशी जरा थांबावं. तिथं तुम्ही नुसतं काम करून देत नसता, ताबा देत असता.

आता प्रश्न विचारा. अवघड असेल तर आधी विचारा, कारण सत्तरी ओलांडल्यावर माणूस लवकर दमतो.