२७८ पट चावे म्हणजे २७८ पट मलेरिया नव्हे

जंगलतोड आणि मलेरिया यावर वाचायला घेतलं की २७८ हा आकडा हमखास भेटतो. तो एमी व्हिटर आणि सहकाऱ्यांच्या २००६च्या शोधनिबंधातला आहे. पेरूच्या ॲमेझॉन भागात, इकितोस-नाउता रस्त्याच्या परिसरात, माणसाला चावायला येणारे ॲनॉफिलीस डार्लिंगी डास त्यांनी मोजले. जंगल तुटलेल्या जागी चावण्याचा दर दाट जंगलातल्यापेक्षा २७८ पटींहून जास्त निघाला.

अभ्यास भक्कम आहे. 'जिथे माणसं जास्त, तिथे डास जास्त' ही शंका कुणीही काढेल, म्हणून माणसांच्या वावराचाही हिशोब विश्लेषणात धरलाय. पण आकडा वाचताना दोन गोष्टी बघा. एक, हे गुणोत्तर आहे. जंगलातला दर शून्याच्या जवळ असला की भागाकार फुगतोच. दुसरी, मोजलेत चावे, रुग्ण नाहीत. चाव्यातून आजार होण्यासाठी डासात परजीवी हवा, म्हणजे आधी तो आसपासच्या माणसांत हवा. उपचार वेळेवर मिळतात का, हेही आलंच. निबंधाच्या शीर्षकातच 'चावण्याचा दर' असं स्पष्ट लिहिलंय. 'मलेरिया २७८ पट' ही चूक उद्धृत करणाऱ्यांची.

रुग्णांचे आकडे बघायचे तर मॅक्डोनाल्ड आणि मॉर्डेकाई यांचा २०१९चा ब्राझीलवरचा अभ्यास घ्या. जंगलतोड १० टक्क्यांनी वाढली की मलेरिया साधारण ३.३ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज. शिवाय उलटी बाजूही दिसली: मलेरिया वाढला की जंगलतोड कमी होते. म्हणजे नुसता सहसंबंध काढून भागत नाही, बाण दोन्हीकडे जातो.

आणि हे सगळं डार्लिंगीपुरतं. आग्नेय आशियातला ॲनॉफिलीस डायरस जंगलातल्या सावलीच्या डबक्यांत वाढतो. झाडं गेली की त्याची जागाच जाते. आपल्या ईशान्य भारतातला बायमाई त्याच गटातला. तिथे पेरूचा निष्कर्ष जसाच्या तसा लावलात तर दिशाच चुकू शकते.

तेव्हा प्रपोजलमध्ये 'जमीनवापर बदलल्याने डासजन्य आजार वाढतात' असं लिहिण्याआधी स्वतःला विचारा: कुठला डास, जंगलाच्या जागी नेमकं काय आलं, आणि मी मोजणार काय, डास, चावे की रुग्ण? गाईडही बहुधा हेच विचारतील.