टोपीवरचं पीस

'माय फेअर लेडी' मी आजवर चार वेळा पाहिला. खरं सांगायचं तर सिनेमा एकदाच पाहिला, बाकी तीन वेळा टोप्याच पाहिल्या. गोष्ट आपल्याला परकी नाही. शॉच्या 'पिग्मॅलियन'वरूनच पु. लं.नी 'ती फुलराणी' लिहिलं, आणि १९७५ साली भक्ती बर्वे यांनी मंजुळा उभी केली. पण टोप्यांची मौज पाहायची तर इंग्रजी सिनेमाकडेच जायला हवं.

अॅस्कॉटच्या शर्यतीचा प्रसंग आठवा. घोडे क्षणभर धावून जातात, आपण बघत राहतो त्या बायकांकडे. सगळं काळं, पांढरं आणि राखाडी. १९१०च्या मे महिन्यात राजा सातवा एडवर्ड वारला आणि जूनमधल्या शर्यतीला बडी मंडळी काळ्या कपड्यांत आली होती. सेसिल बीटननं ते सुतक घेतलं आणि त्याची शोभायात्रा केली. १९६४च्या या सिनेमाच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं, ते वाजवीच होतं. रंग काढून घेतल्यावर आकार बोलायला लागतात, हे त्याला नेमकं कळलं होतं. सुपाएवढ्या कडा, पंख्यासारखी पिसं आणि एलायझाच्या टोपीवरचा तो पट्ट्यापट्ट्यांचा भलामोठा बो!

मैत्रिणींनो, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नजरेनं हा प्रसंग पाहा, दुप्पट आवडेल. एवढी रुंद कड लोंबत का नाही? तिच्या काठात तार घातलेली असते. डोक्यावर बसणारा भाग लाकडी ठोकळ्यावर वाफेनं ताणून बसवतात. आणि टोपी डोक्यावर ठरते ती फुगवलेल्या केसांत खुपसलेल्या लांब पिनांमुळे. मी नातवाच्या बारशाला खणाची कुंची शिवली, तेव्हा सगळा जीव कपाळावरच्या काठात अडकला होता. एक चुण इकडची तिकडे झाली की बाळाचा चेहरा हरवतो. कुंची असो की हॅट, शिवणारीचं अर्धं लक्ष कापडावर आणि अर्धं खालच्या चेहऱ्यावर असतं.

अशी टोपी घातली की मान वाकवता येत नाही, दोघींना जवळ येऊन कुजबुजता येत नाही. त्या समूहगीतात सगळ्या पुतळ्यासारख्या उभ्या राहतात त्या उगीच नाही. टोपीनंच त्यांना तसं उभं केलंय. मग एलायझा बोलायला लागते. उच्चार अगदी घोटून घेतलेले, आणि विषय काय, तर आपली मावशी. तिला घरच्यांनीच संपवलं असणार, कारण तिची नवी गवती टोपी कुणीतरी लाटली, असं ती बिनधास्त सांगते. भोवती हजारांच्या टोप्या, आणि गोष्ट एका साध्या टोपीपायी गेलेल्या जिवाची! सगळे हसतात. मीही हसले. तिसऱ्या वेळी मात्र हसू आलं नाही.

कारण मधल्या काळात मी त्या पिसांबद्दल वाचलं होतं. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीप्रेमी माणसानं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरून बायकांच्या ७०० टोप्या मोजल्या. त्यातल्या ५४२ टोप्यांवर पिसं नाहीतर अख्खे पक्षी होते. बगळ्याचा तो नाजूक तुरा विणीच्या हंगामातच फुटतो. म्हणजे तो हवा तर आईबाप मारायचे आणि पिल्लं घरट्यात उपाशी सोडायची. याविरुद्ध उभ्या राहिल्या त्याही बायकाच. इंग्लंडमध्ये १८८९ साली एमिली विल्यमसन. बोस्टनमध्ये १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल, ओळखीच्या बायकांना चहाला बोलावून 'पिसं सोडा' म्हणणाऱ्या. आपल्या देशातून पिसं बाहेर पाठवायला १९०२ साली बंदी आली. इंग्लंडनं पिसांच्या आयातीवर बंदीचा कायदा केला तो १९२१ साली.

सिनेमा घडतो तो १९१२च्या सुमाराला, म्हणजे या भांडणाच्या ऐन मध्यावर. त्याची एक खूणही बीटनच्या टोप्यांत नाही. जन्म १९०४चा, म्हणजे हे त्याच्या बाळपणातलं जग. लहान मूल आईच्या थाटाकडे बघतं तसं त्यानं ते पाहिलं, सुंदर आणि निष्पाप. माझी तक्रार आहे ती इथेच. शॉनं नाटकात फुलवालीच्या टोपीवर शहामृगाची तीन पिसं दिली, नारिंगी, निळं आणि तांबडं, आणि त्यातून गरीब पोरीची प्रतिष्ठेची हौस दाखवली. मावशीच्या टोपीतून त्या हौसेची किंमतही सांगितली. बीटन हौस दाखवतो, किंमत धुऊन काढतो.

मला हे टोचतं, कारण पीस आपल्याकडेही पूज्य आहे. मुनिमहाराजांच्या हातातली पिच्छी मोरपिसांचीच असते, पण मोरानं आपणहून टाकलेल्या पिसांची. तिनं जमीन झाडायची ती किडामुंगी वाचावी म्हणून. चातुर्मासानंतरचा पिच्छी परिवर्तनाचा सोहळा मी लहानपणापासून बघत आलेय. तेच पीस आणि किती वेगळा हात!

असं सगळं मी लेकीला ऐकवलं. ती म्हणाली, "आई, बगळ्यांसाठी एवढं वाईट वाटतंय, आणि बाळाच्या कुंचीचं काय? रेशमी खण होता ना?"

मला उत्तर सुचलं नाही. कोसले जिवंत किड्यांसकट उकळत्या पाण्यात टाकतात हे मला कॉलेजपासून ठाऊक होतं. तरी लग्नातला शालू मी दर सणाला नेसले, बस्तीतसुद्धा. बीटनला नावं ठेवणारी मी, माझीही नजर तशीच धुतलेली.

आता दुसऱ्या नातवंडाची वाट बघतोय. कुंची सुती कापडाची बेतलीय, काठाला आभल्यांऐवजी रंगीत दोऱ्याचं भरतकाम. रेशमाची झळाळी तिला नाही, हे कबूल करते. कपाळावरचा काठ मात्र दोनदा उसवून पुन्हा शिवलाय, आता बरा बसलाय. आणि सिनेमा? तो मी पाचव्यांदाही बघणार. एलायझाचा बो मला अजूनही आवडतो. फक्त मावशीची गोष्ट आली की आवाज थोडा मोठा करते.