माइनहोफ यांच्या गद्यातील कर्त्याचा लोप

उलरिके माइनहोफ यांच्या लेखनाचे अनेकदा दोन कप्पे केले जातात : हांबुर्गच्या 'कोंक्रेट'मधील स्तंभ एकीकडे, 'लाल सेना गटा'ची पत्रके दुसरीकडे. पहिल्यांचे कौतुक करावयाचे, दुसऱ्यांकडे पाठ फिरवावयाची. ही विभागणी सोयीची खरी. परंतु या दोहोंमधील वाट भाषेतूनच गेलेली आहे, ही गोष्ट तीमुळे झाकली जाते.

११ एप्रिल १९६८ रोजी पश्चिम बर्लिनमध्ये विद्यार्थी-नेते रूडी डुच्के यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि व्हिएतनाम-युद्धाच्या विरोधात उभ्या असलेल्या तरुणांचा रोष श्प्रिंगर वृत्तपत्रसमूहावर उसळला. त्यानंतर मे महिन्यातील स्तंभात माइनहोफ यांनी निषेध व प्रतिकार यांतील भेद मांडला. अमुक गोष्ट मला रुचत नाही असे म्हणणे हा निषेध. ती यापुढे घडणार नाही अशी तजवीज मी करणे हा प्रतिकार. (हा विचार बर्लिनच्या व्हिएतनाम-परिषदेतील एका कृष्णवर्णीय वक्त्याकडून आला, हे त्या प्रांजळपणे नमूद करतात.) दोन्ही व्याख्यांत 'मी' हा कर्ता स्पष्ट आहे, म्हणजे जबाबदारीही स्पष्ट आहे. शिवाय हतबल संतापाने विवेकाची जागा घेतली की प्रतिहिंसा ही हिंसाच होऊन बसते, असा इशाराही त्याच स्तंभात आहे. तेव्हा पुढील सर्व अनर्थाचे बीज येथेच शोधणाऱ्यांनी तो स्तंभ शेवटपर्यंत वाचलेला दिसत नाही.

१४ मे १९७० रोजी आंद्रेआस बाडर यांना बंदिवासातून पळविण्यात आले. त्या वेळी एका संस्थेतील कर्मचारी गोळी लागून जबर जखमी झाला. त्यानंतर माइनहोफ यांचे ध्वनिमुद्रित निवेदन जूनमध्ये 'डेर श्पीगेल'ने छापले. त्यात गणवेशातील पोलिसाला डुक्कर म्हटले आहे, त्याचे माणूसपण नाकारले आहे. आणि लगेच, गोळी अर्थातच झाडता येते, असे विधान येते. ही शिवी सर्वांनी टिपली. खरे लक्ष वेधते ते दुसरे वाक्य. मूळ जर्मन रचना कर्मणी असून तीत कोण झाडणार याचा उल्लेखच नाही. मराठी व्याकरणाच्या परिभाषेत हा अकर्तृक भावे प्रयोग. 'येथे थुंकू नये' या पाटीच्या जातीचा. दोन वर्षांपूर्वीचा 'मी' येथे गळाला, आणि 'अर्थातच' या एका अव्ययाने युक्तिवादाचीही जागा घेतली.

व्याकरणाने माणसे मारली, असा याचा अर्थ नव्हे. मे १९७२ मध्ये फ्रांकफुर्ट व हायडेलबर्ग येथील अमेरिकी लष्करी मुख्यालयांत गटाने स्फोट घडविले. त्यांत चार सैनिक मृत्युमुखी पडले. पत्रकांत कारण दिले होते व्हिएतनामवरील बॉम्बवर्षावाचे.