मौनातील खूण आणि तिचा अर्थ

वर्ध्याजवळ, धाम नदीच्या काठी पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांचा आश्रम आहे. २५ डिसेंबर १९७४ रोजी, नाताळाच्या दिवशी, विनोबांनी तेथे वर्षभराचे मौन स्वीकारले. 'ख्रिस्तधर्म-सार' सिद्ध करणाऱ्या या चिंतकाच्या मौनाकडे आपण आस्थेने पाहावे, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या मौनातील एक खूण मोठ्या वादाचा विषय झाली. तिचाच येथे विचार करावयाचा आहे.

जून १९७५ मध्ये आणीबाणी पुकारली गेली. पुढे काँग्रेसचे खासदार वसंत साठे पवनारला गेले असता विनोबांनी महाभारतातील अनुशासनपर्वाकडे निर्देश केला. पाहता पाहता 'अनुशासनपर्व' ही आणीबाणीची घोषणा झाली आणि टीकाकारांनी विनोबांना 'सरकारी संत' ठरविले.

खूण नेहमी अर्धीच असते. उरलेला अर्थ पाहणारा आपल्या मनातून भरतो. आईने ओठांवर ठेवलेले बोट लेकराला अचूक कळते, कारण दोघांत जिव्हाळ्याचा सराव असतो. सत्ता मात्र खूण आपल्या सोयीने वाचते. त्या पर्वात शरशय्येवरील भीष्म युधिष्ठिराला धर्म सांगतात. म्हणजे तेथे शिकवण राजाने घ्यावयाची आहे. घोषणेने ती प्रजेवर लादली. २५ डिसेंबर १९७५ रोजी मौन सुटल्यावर विनोबांनी शासन सत्तेचे आणि अनुशासन आचार्यांचे, असा भेद स्पष्ट केला. तोवर घोषणा देशभर पोहोचली होती.

लूकच्या शुभवर्तमानातील जखऱ्याचीही वाचा बंद झाली होती. लोक त्याला खुणांनी बाळाचे नाव विचारतात, तेव्हा तो पाटी मागवून योहान हे नाव लिहितो. गोंधळाला तो जागाच ठेवत नाही. विनोबांच्या हेतूविषयी यत्किंचितही शंका न घेता म्हणावेसे वाटते, की हा विवेक पवनारच्या त्या भेटीत उणा पडला.

ख्रिस्तसभेनेही आपल्या संस्कारांत चिन्हाला शब्दाची जोड दिली आहे. बाप्तिस्म्याचे पाणी मुकाट्याने ओतले जात नाही. त्रैक्याच्या नावाचा उच्चार त्याबरोबर होतो. धर्मगुरू, शिक्षक आणि घरातील वडीलधारी यांच्या खुणेकडे पुष्कळांचे डोळे लागलेले असतात. अन्यायाच्या काळी त्यांनी आपल्या खुणेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत आणि वेळेवर सांगावा, एवढे तरी या प्रसंगातून आपण शिकावे.